पोरींच्या मॅचच्या बातमीत गोल कुणी मारला ते का नसतं?

पेठेतला बाप

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला जन्म, त्यामुळं फुटबॉल कळायच्या आधीच कुठल्या संघाला शिव्या द्यायच्या ते कळलं होतं. तीस वर्षं शाहू स्टेडियमवर मॅच बघतोय. हंगाम सुरू झाला की घरातली कामं, पाहुणेरावळे, लग्नं सगळं वेळापत्रक बघून ठरतं. स्वतःच्या साखरपुड्याला मी पाऊण तास उशिरा पोचलो, कारण मॅचचं सडनडेथ, म्हणजे एकेक पेनल्टीनं निकाल लावायचं, चाललं होतं. (सासऱ्यांनी अजून माफ केलेलं नाही.) हे एवढ्यासाठी सांगतोय, की खालचं वाचून कुणी ‘याला फुटबॉल काय कळतंय’ म्हणू नये.

धाकटी पोरगी चौदा वर्षांची. तीन वर्षं खेळते, राइट विंगला, म्हणजे उजव्या अंगानं पुढं. गेल्या रविवारी त्यांची फायनल होती, एका संस्थेनं भरवलेली स्पर्धा. नाव सांगत नाही, कारण भांडायला आलेलो नाही. मॅच दुपारी एकला. त्याच मैदानावर चारला पोरांची फायनल. एक म्हणजे एक, डोक्यावर ऊन. पोरांच्या मॅचसाठी आखायची पांढरी फक्की अजून पोत्यात होती, म्हणून पोरींच्या मॅचला गोलसमोरच्या डीची एक बाजू दिसत होती आणि दुसरी अंदाजानं. लाइनमन एकच. दुसऱ्या बाजूला एका खेळाडूचा कॉलेजातला भाऊ झेंडा घेऊन उभा, तोही निम्मा वेळ मोबाइलमध्ये. प्रेक्षक मी मोजले. सव्वीस. त्यात आठ आया आणि एक सरबतवाला.

मॅच मात्र खरी झाली. मध्यंतरापर्यंत ०-०. उत्तरार्धात समोरच्यांनी कॉर्नरवर गोल केला, आमच्या पोरींची माना टाकायची वेळ आली. मग आमच्या डाव्या बॅकनं, म्हणजे डावीकडून बचाव करणारीनं, बारीक चणीची पोरगी आहे, रिक्षावाल्याची, बॉल अडवला आणि डोकं वर करून बघितलं. हे बघणं महत्त्वाचं आहे. आमच्याकडची निम्मी मोठी माणसं बॉल आला की डोळे झाकून उडवतात. हिनं बघितलं आणि आडवा, लांब, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पास टाकला. आमची धाकटी तिथं पळत पोचली, एक टप्पा पडू दिला आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगानं किपरच्या डोक्यावरून. १-१. मी उभा राहून ओरडलो तर सरबतवाला दचकला. शेवटी टायब्रेकरवर, म्हणजे दोन्हीकडून पेनल्टी मारून, ४-३ नं जिंकलो.

टायब्रेकर चालू असताना पोरांच्या मॅचचं पब्लिक यायला लागलं होतं. माझ्या मागं दोघं येऊन बसले. त्यातला एक म्हणाला, “हे कधी संपायचं? खरी मॅच कधी हाय?”

मी मागं वळून काही बोललो नाही. कारण पाच-सहा वर्षांपूर्वी अशाच एका मैदानावर हेच वाक्य मी बोललोय. शब्दही हेच होते बहुतेक.

आता मुद्द्याचं. सोमवारी सकाळी तीन पेपर घेतले. दोनांत काहीच नाही. तिसऱ्यात बातमी आली, मथळा ‘मुलींच्या फुटबॉल स्पर्धेस उत्स्फूर्त प्रतिसाद’. सव्वीस माणसांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. आत आठ मान्यवरांची नावं, अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी नगरसेवक, ‘खेळाडूंनी उत्साहात सहभाग घेतला’, आणि अगदी शेवटच्या ओळीत विजेता संघ. स्कोअर ४-३. टायब्रेकर हा शब्दच नाही, म्हणजे वाचणाऱ्याला वाटेल सात गोलांचा पाऊस पडला. गोल कुणी मारला? नाही. किती मिनिटाला? नाही. किपरनं दोन पेनल्टी अडवल्या, तिचं नाव? नाही. फोटोत एक पाहुणे चकचकीत बुटानं बॉलला पाय लावतायत आणि त्यांच्या खांद्यामागं आमच्या बाईसाहेबांची अर्धी वेणी.

त्याच पानावर खाली पोरांच्या मॅचची बातमी. तीही चौदा-पंधरा वर्षांचीच पोरं. ‘१८व्या मिनिटाला डाव्या बगलेतून झालेल्या चालीवर मोठ्या डीच्या बाहेरून मारलेला फटका क्रॉसबारला लागून परतला.’ वाचताना मॅच डोळ्यासमोर येते. न झालेल्या गोलाचंसुद्धा मिनिट आहे!

पोरीनं दोन्ही बातम्या वाचल्या आणि म्हणाली, “बाबा, मी तिथं होतो का नव्हतो?” (आमच्यात पोरीही ‘आलो-गेलो’ म्हणतात, बाहेरच्यांनी हसू नये.)

माझा प्रश्न साधा आहे. पोरींच्या बातमीत ‘उत्साहात सहभाग’ आणि पोरांच्या बातमीत ‘१८व्या मिनिटाला’, हे कोण ठरवतं? आणि बदलायचं तर कुणाला भेटायचं?

---

डाव्या पायाचा

राग मानू नका काका, पण स्पष्ट बोलतो. पब्लिक जे बघतं ते छापून येतं. आपल्याकडं सीनियरच्या फायनलला गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते, हलगी, झेंडे, पोलिसांचा बंदोबस्त. पोरींच्या मॅचला सव्वीस माणसं, तुम्हीच मोजलीत. पेपरवाल्यानं सव्वीस माणसांसाठी अर्धं पान द्यायचं का?

दुसरं, लेव्हल. २०२२ ला आपल्या देशात मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला. मी मुद्दाम बघायला बसलो. अमेरिकेनं ८-०, मोरोक्कोनं ३-०, ब्राझीलनं ५-०. तीन मॅच, सोळा गोल खाल्ले, एक मारला नाही. हे बघून कोण म्हणणार चला आता पोरींची मॅच बघू?

पोरींनी खेळावं, माझी ना नाही. पण बघायलाच पाहिजे अशी जबरदस्ती का?

---

बातमीदार, नाव नको

मी या धंद्यात अकरा वर्षं आहे, आणि तुमची ती बातमी मी लिहिलेली नाही, हे आधी सांगतो. पण मीही तशीच लिहिली असती. का, ते सांगतो.

रविवारी संध्याकाळी माझ्याकडं सरासरी पस्तीस-चाळीस मेसेज येतात. व्याख्यान, रक्तदान, वर्धापनदिन, कुस्ती, शाळेचं स्नेहसंमेलन. त्यातल्या पोरांच्या फुटबॉलला मी स्वतः जातो, कारण तिथं दोन पेठा एकमेकांसमोर असतात आणि स्कोअर चुकला तर सकाळी सात वाजता माझ्या घराखाली चार पोरं उभी असतात. चेष्टा नाही, एकदा असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेला पास, चुकीच्या माणसाच्या नावावर गेला, दोन दिवस फोन बंद ठेवावा लागला. थोडक्यात, तिथं मिनिट लिहिलं जातं ते माझ्या आवडीनं नाही, धाकानं.

पोरींच्या मॅचला मी जात नाही. माझ्याकडं प्रेसनोट येते. ती आयोजक लिहितो. आयोजकाला काळजी कशाची? पाहुण्यांचं नाव राहिलं तर पुढच्या वर्षी देणगी गेली. गोल मारणारीचं नाव राहिलं तर कोण विचारणार? आता तुमची पोस्ट वाचून मी मोबाइलमधल्या गेल्या महिनाभरातल्या प्रेसनोट काढून बघितल्या. पोरींच्या चार स्पर्धा. चारही नोटांत मिळून मान्यवर एकोणतीस, खेळाडू शून्य. मी काय लिहू? मला माहीतच नसतं.

तुम्ही विचारलंत कुणाला भेटायचं. संपादकाला नंतर भेटा, आधी आयोजकाला भेटा. आणि जमलं तर रात्री आठच्या आत पाच ओळी स्वतः पाठवा. आठनंतर पान लागतं, मग देव आला तरी जागा होत नाही.

---

जुनी गोलकिपर

@डाव्या पायाचा, ८-० चं सांगितलंस ते बरोबर आहे भावा, मीही तो दिवस विसरले नाही. पण हिशेब पुरा मांड. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपल्या पुरुषांच्या संघानं युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला होता. त्यानंतर पेठांतल्या लोकांनी फुटबॉल बघायचा सोडला का? उलट चारच वर्षांत आपलाच संघ मेलबर्न ऑलिंपिकला चौथा आला.

आणि लेव्हलचंच बोलायचं तर ताजं बोलू. ५ जुलै २०२५, थायलंडमध्ये चियांग माई. आपल्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच घरात २-१ नं हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशिया कपला जायची भारताच्या बायकांची ही पहिलीच वेळ, स्पर्धा मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात. तीनच महिन्यांनी ऑक्टोबरमध्ये आपले पुरुष मडगावला सिंगापूरकडून १-२ हरले आणि २०२७ च्या आशिया कपमधून बाहेर पडले. यातली कुठली मॅच तू बघितलीस? खरं सांग.

आणखी एक. या धाग्यावर किती जणांना माहीत आहे, की २०१९ ला लुधियानाला झालेल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी नावाचा संघ होता? पुढच्या वर्षी बेंगळुरूलाही होता. देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आपल्या गावाचं नाव. पुरुषांचा असा संघ असता तर बिंदू चौकात बोर्ड लावायला जागा पुरली नसती.

काका, तुम्हाला. मी नऊ वर्षं गोलमध्ये उभी राहिले. घरी एक फाइल आहे, आईनं जपलेली. त्यात माझी सर्टिफिकेटं भरपूर आणि कात्रणं दोन. एका कात्रणात माझं आडनाव चुकलंय, दुसऱ्यात मी ‘व अन्य’ मध्ये आहे. लग्न ठरवताना सासरच्यांनी विचारलं, “खेळायची म्हणजे कुठपर्यंत?” मी सांगितलं, राज्य. ते म्हणाले, “पेपरात वगैरे आलं होतं का?” तेव्हा ती फाइल काढावीशी वाटली नाही.

काळी पडेल, गुडघे जातील, कोण करून घेणार, हे सगळं ऐकलंय. त्याचं मला फार वाटलं नाही, ते तोंडावर बोलणारी माणसं होती. ‘व अन्य’ चं वाटलं.

---

निवृत्त मास्तर

चर्चा वाचून राहवलं नाही. ‘पब्लिक बघतं ते छापून येतं’ हे वाक्य वरवर बिनतोड वाटतं. इतिहास जरा वेगळा आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन गावच्या डिक, कर नावाच्या कारखान्यातल्या मुलींनी संघ काढला. जेवणाच्या सुट्टीत अंगणात खेळता खेळता सुरू झालेला प्रकार. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्या सामने खेळत. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांच्या सामन्याला ५३,००० माणूस आत होता आणि हजारो बाहेर राहिले. म्हणजे पब्लिक होतं! मग काय झालं? वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला, की हा खेळ बायकांना योग्य नाही, सबब संलग्न क्लबांनी आपली मैदानं त्यांना देऊ नयेत. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. पन्नास वर्षं मैदान द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, बघा, यांना प्रेक्षक नाही.

आपल्याकडे कुणी अशी लेखी बंदी घातली नाही. दुपारी एकची वेळ दिली की काम भागतं.

जाता जाता एक. भारताचा महिला संघ आशियात दोनदा उपविजेता झाला आहे. एकदा कालिकतला, आणि १९८३ ला बँकॉकला. मी त्या काळी रोज दोन पेपर वाचत असे, शाळेत सूचनाफलकावर क्रीडावार्ता मीच लिहीत असे. मला ही गोष्ट दोन हजार सालानंतर कळली. त्या संघातल्या एकाही मुलीचं नाव मी कधी फळ्यावर लिहिलं नाही.

---

सध्या लीड्सला

मूळचा शिवाजी पेठ, त्यामुळं मूळ पोस्ट लिहिणाऱ्या काकांशी तत्त्वतः वैर, पण या विषयापुरतं माफ.

इथं इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या लोकांनी पुरुष फुटबॉल शौकिनांवर अभ्यास केला होता, २०२२ च्या सुरुवातीला आला. संघांच्या चाहत्यांचे जे चर्चेचे कट्टे असतात इंटरनेटवर, तसल्या दीडशे कट्ट्यांवरून १,९५० पुरुषांना प्रश्न विचारले. त्यातून तीन जातीची माणसं निघाली. एक, ज्यांना बायकांचा फुटबॉल मनापासून हवा आहे. दोन, उघड विरोधवाली, बायकांनी खेळूच नये किंवा खेळायचं तर ‘बायकी’ खेळ खेळावेत म्हणणारी. तिसरी जात मजेशीर. चारचौघांत ‘हो हो, चांगलंय, पुढं आलं पाहिजे’ आणि आडून बोलताना वेगळंच. मी ते वाचून आमच्या कट्ट्यावरची एकेक माणसं आठवत बसलो. दुसऱ्या जातीची दोघं सापडली. तिसऱ्या जातीत मोजता मोजता मीच सापडलो.

इथं काय बदललं म्हणाल तर मॅच फुकट टीव्हीवर आणि माणूस घरात असतो त्या वेळेला दाखवतात. २०२५ च्या जुलैत इंग्लंडच्या पोरींनी बासेलला स्पेनला पेनल्टीवर हरवून युरो, म्हणजे युरोपातल्या देशांचा कप, जिंकला, त्या रात्री आमच्या गल्लीत म्हातारी माणसं बाहेर येऊन ओरडत होती. पण म्हणून सगळं गोड आहे असं नाही. त्याच स्पर्धेत इंग्लंडच्या जेस कार्टरला इंटरनेटवर तिच्या रंगावरून इतकं घाण लिहिलं गेलं, की तिनं सोशल मीडिया बंद केला. लोक बघायला लागले की शिव्याही वाढतात. तयारी ठेवा.

---

डाव्या पायाचा

@जुनी गोलकिपर ताई, थायलंडची मॅच नाही बघितली. सिंगापूरची बघितली आणि रात्री जेवलो नाही.

तरी माझा प्रश्न राहतोच. मास्तरांचं इंग्लंड ठीक आहे. आपल्या पेठेत पोरगा मॅच बघायला का जातो? संघ त्याच्या पेठेतल्या तालीम मंडळाचा, म्हणजे त्याचा असतो म्हणून. खेळ चांगला असो, वाईट असो, तालीम आपली आहे. पोरींचे संघ शाळांचे, अकादमीचे. त्यात माझं काय? तालमींनी पोरींचे संघ काढले तर मी पहिल्या दिवशी हलगी घेऊन येतो, शब्द.

---

पेठेतला बाप

@डाव्या पायाचा, हे तू लाखातलं बोललास. तालमीच्या बैठकीत हे मांडायला मला वेळ लागेल. आमच्याकडं पोरी तालमीच्या उंबऱ्याच्या आत येतात त्या गणपतीच्या आरतीला. पण विषय सोडणार नाही.

@बातमीदार, तुमचं वाचून मी दुसऱ्याच दिवशी आयोजकांकडं गेलो. माणूस बरा निघाला, चहा पाजला. मी विचारलं, गोल कुणी मारला ते प्रेसनोटमध्ये का नाही दिलं? तो म्हणाला, “मलाच कुठं माहीत? पंचाच्या कागदावर नंबर असतो.” मी म्हटलं, दाखवा कागद. कागद निघाला. त्यावर लिहिलेलं, ‘७’.

आणि इथं सगळा घोटाळा उघडा पडला. आमच्या संघात त्या दिवशी ७ नंबर दोघींच्या पाठीवर होता! कारण पोरींना स्वतःचा किट नाही. पोरांच्या दोन जुन्या संचांतून जे टी-शर्ट बरे राहिलेत ते एकत्र करून घालतात. दोन १, दोन १०, ४ नाहीच. पंच म्हणाला नंबर वेगळे करा, तर कोचनं एका १ नंबरच्या टी-शर्टाला औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी आडवी लावून ७ केला. म्हणजे १ चा ७ झाला, पण ७ आधीच होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ती चिकटपट्टी घामानं निम्म्यात सुटली. आमची ती होती. गोल मारला तेव्हा तिच्या पाठीवर काय होतं, १ का ७, ते आता देवालाच माहीत. कागदावरच्या ७ मध्ये दोघी आहेत, त्यातली एक बचावात खेळते.

मी पेपरवर उखडून बसलो होतो. पेपरचं चुकलं नाही असं अजूनही म्हणत नाही, पोरांच्या मॅचला ते स्वतः येतात, इथं येत नाहीत. पण ते आले असते तरी त्या दिवशी ‘४१व्या मिनिटाला’ च्या पुढं त्यांनी काय लिहिलं असतं?

आणि मी तरी काय केलं? तीन वर्षांत पोरीला तीन जोड बूट घेतले, प्रत्येक वेळी किमतीवरून कुरकुर करून. पोरांच्या संघाला नवा किट पाहिजे म्हणून पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलोय, गेल्याच वर्षी. तिच्या टी-शर्टाकडं कधी नीट बघितलं नाही. धुवायला आई टाकते.

---

बातमीदार, नाव नको

दोन ७! हे आधी माहीत असतं तर यावरच बातमी केली असती.

पुढची मॅच कधी आहे ते कळवा. येतो म्हणत नाही, रविवारी कामाची गर्दी असते. पण पाच ओळी पाठवा, हात लावून देतो.

---

जुनी गोलकिपर

काका, कागद कसा करायचा ते सांगते, आम्ही शेवटी शेवटी करत होतो. मॅचच्या आधी दोन्ही संघांची यादी, पुढं नंबर, नाव, आडनाव. आडनाव पोरीकडूनच लिहून घ्या, तुमच्या मनानं लिहू नका. मग तीनच रकाने: मिनिट, काय झालं, कुणी केलं. पास कुणी दिला तेही लिहा. त्या रिक्षावाल्याच्या पोरीला कुणी विचारत नसेल, आधीच सांगते. आणि किपरनं अडवलेले फटके लिहाच. ते कुणीच लिहीत नाही.

---

पेठेतला बाप

उशीर झाला, सीझनची गडबड आहे.

काल मॅच झाली. ग्रुपमधली, फायनल-बियनल काही नाही. वेळ साडेबारा, म्हणजे आणखी अर्धा तास अलीकडं ढकलली. प्रेक्षक एकतीस. डाव्या पायाचा आला होता, हलगी न घेता, मध्यंतराच्या आधी. जायच्या वेळी म्हणाला, “त्यांची ती सेंटर हाफ कुठल्या शाळेची?” एवढंच.

मी पुठ्ठ्याला क्लिप लावून कागद घेऊन बसलो. मॅच बघत लिहिणं अवघड आहे हो. तीस वर्षं मी नुसता ओरडत आलोय, हात मोकळे असायचे. लिहायला खाली बघितलं तेवढ्यात एक चांगली चाल गेली, ती बायकोनं सांगितली, तिनं सांगितलेलं मी लिहिलं. किपरनं अडवलेले सहा. ताई, सगळे लिहिले. २-० जिंकलो, पहिला गोल आमचीचा, पास त्या डाव्या बॅकचा. सात पस्तीसला पाच ओळी पाठवल्या.

आज सकाळी आली. आठव्या पानावर, खाली, चारच ओळी. मान्यवर नाहीत, कारण काल मान्यवर आलेच नव्हते. ‘३७व्या मिनिटाला’ आहे. पास देणारीचं नाव आहे. किपरचं कापलं गेलंय, त्यावर मी फोन करणार आहे.

पोरीनं वाचलं. मी बघत होतो काय म्हणते. म्हणाली, “३७ न्हवं बाबा, ३६. पंचांनी घड्याळ थांबवलंतं, मी विचारलो त्यांना.” आणि दप्तर घेऊन गेली.

असो. कुणाकडं पोरांच्या मापाचा, मीडियम साइजचा, नंबर न पुसलेला जुना संच पडून असला तर सांगा. २ पासून १८ पर्यंत. एकच ७ पाहिजे.